मफलरची जात ओळखा

आम्ही वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत मराठी शिकवीत होतो. सहामाही असो वा वार्षिक, प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असे : पुढील वाक्यांतील अधोरेखित शब्दांची जात ओळखा. 'वर' या दोन अक्षरांनी मुलांची जेवढी भंबेरी उडे तेवढी मोठमोठ्या जोडाक्षरांनीही कधी उडाली नाही. 'वर पाहा' म्हटले की तो शब्द क्रियाविशेषण. 'झाडावर' म्हटले की तोच शब्दयोगी अव्यय. आणि 'वर मंडपात आला' म्हणताच चक्क नाम. वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारी, "गुरुजी, पण त्याची खरी जात कोणती?" आम्ही सांगत असू की सुट्या शब्दाला जात नसते, वाक्यात तो कोणते काम करतो ते पाहायचे. उत्तर चुकले तर अर्धा गुण जाई. प्रकरण तेथे संपे.

बॅलार्ड इस्टेटमधील नव्या कस्टम हाऊसमध्ये व्यापाऱ्यांस हाच प्रश्न सोडवावा लागतो. अधोरेखित शब्दांच्या जागी तेथे परदेशातून आलेला मफलर, हातमोजा, पायमोजा, कानटोपी, विणलेला स्कार्फ अशा वस्तू असतात, आणि उत्तर चुकल्यास अर्ध्या गुणावर भागत नाही. शुल्कातील फरक, त्यावरील व्याज, दंड आणि वाद मिटेपर्यंत न्हावा-शेव्याच्या आवारात अडकून पडलेल्या कंटेनरचे भाडे, हे सारे उत्तर लिहिणाऱ्याच्या माथी बसते. कपड्यांच्या या किरकोळ जोडवस्तूंची आयातशुल्कातील वर्गवारी हा विषय पहिल्या पानावरील अग्रलेखाच्या योग्यतेचा आहे काय, असे काही वाचक विचारतील. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथील वाचकांनी तरी तो प्रश्न विचारू नये. कापडावरील जकातीची एक रेघ इकडची तिकडे झाली की या वस्तीच्या चुलीवर काय परिणाम होतो हे त्यांच्या पणजोबांस ठाऊक होते. त्या इतिहासाकडे आम्ही येणारच आहोत. आधी प्रश्नपत्रिका पाहू.

दादरच्या एखाद्या मध्यम ऐपतीच्या दुकानदाराने थंडीच्या दिवसांसाठी ऊबदार विणलेल्या वस्तूंची एक खेप परदेशातून मागविली आहे असे समजा. (मुंबईच्या थंडीस थंडी म्हणावे की नाही हा निराळा वाद आहे, परंतु काश्मीरला निघालेला मुंबईकर मफलर दादरलाच घेतो.) खेप बंदरात उतरली की ती १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या परिशिष्टात कोठे बसते हे सांगावे लागते. या परिशिष्टात तयार कपडे आणि त्यांच्या जोडवस्तू यांना दोन प्रकरणे दिलेली आहेत. सुयांवर किंवा क्रोशाने विणलेला माल प्रकरण ६१ मध्ये आणि मागावर विणलेल्या कापडाचा माल प्रकरण ६२ मध्ये. म्हणून टाके घालून विणलेली शाल ६११७ या शीर्षाखाली येते, आणि मागावरची शाल ६२१४ खाली. दोन्ही खांद्यावरच घ्यावयाच्या, दोन्ही ऊब देणार. पण एकीचे घर एका प्रकरणात तर दुसरीचे दुसऱ्यात.

येथेच मराठी माणसाची पहिली पंचाईत होते. आपल्या भाषेत विणकर मागावर विणतो आणि आजी सुयांवर विणते, क्रियापद एकच. ताण्यात बाणा घालून केलेले कापड आणि एका टाक्यातून दुसरा टाका काढीत केलेला स्वेटर, दोन्ही आपल्या दृष्टीने विणकामच. बाजारात हा भेद 'होजिअरी' या उसन्या शब्दाने दाखविला जातो खरा, परंतु तो शब्दही कोणी बनियनपुरता वापरतो, कोणी मोज्यांपुरता. ज्या भेदावर दोन प्रकरणांची सरहद्द उभी आहे त्याला लोकांच्या भाषेत धड नाव नसावे ही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्याच्यावर कायदा चालवायचा त्याला तो निदान आपल्या शब्दांत उच्चारता आला पाहिजे.

बरे, हा पहिला पेच सुटला तरी पुढे आणखी आहेत. हातमोजे टाके घालून विणलेले असतील तर शीर्ष ६११६. तेच कातड्याचे असतील तर पिशव्या-पाकिटांच्या प्रकरण ४२ मध्ये. रबराचे असतील तर प्रकरण ४० मध्ये. पायमोजे ६११५ मध्ये जातात. मात्र ते तान्ह्या बाळाचे असतील तर ६१११ मध्ये. तान्हे बाळ म्हणजे कोण याचीही व्याख्या आहे : ज्याची उंची ८६ सेंटिमीटरच्या वर नाही असे मूल. केस आवरण्यासाठी किंवा थंडीपासून बचाव म्हणून डोक्याभोवती घालावयाची विणलेली पट्टी मफलरच्या शेजारी ६११७ मध्ये बसते; परंतु त्या पट्टीला माथा झाकणारा भाग जोडला की ती टोपी होते आणि कापडाचा विभाग सोडून थेट प्रकरण ६५ मध्ये जाते. त्या विभागात तिचे सोबती कोण म्हणाल तर जोडे, छत्र्या, हातातल्या काठ्या, चाबूक आणि माणसाच्या केसांचे टोप! आमच्या घरोघरच्या बाळंतविड्याचीही यात फाटाफूट होते. विणलेले झबले आणि विणलेले मोजे ६१११ मध्ये राहतात. विणलेले टोपडे मात्र त्याच बाळाच्या डोक्यावर बसूनही छत्र्या-चाबकांच्या विभागात नांदावयास जाते.

मफलर, हातमोजे आणि टोपी एकाच खोक्यात घालून भेटीचा संच म्हणून विकले तर काय, हा तर खास परीक्षेतला प्रश्न. वर्गवारीच्या सामान्य नियमांत याचे उत्तर आहे. असा संच किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधलेला ठरला, तर ज्या वस्तूमुळे त्याला त्याचे मुख्य स्वरूप येते तिच्या शीर्षाखाली सारा संच जातो. आणि अशी मुख्य वस्तू ठरविताच येत नसेल तर क्रमाने जे शीर्ष सर्वांत शेवटी येते ते घ्यावयाचे. म्हणजे टोपी मफलरला आणि हातमोज्यांना आपल्या घरी घेऊन जाऊ शकते. आता मुख्य कोण? देणाऱ्याच्या मते मफलर, घेणाऱ्याच्या मते टोपी, आणि अधिकाऱ्याच्या मते ज्यावर शुल्क अधिक ते, असा ग्रह व्यापाऱ्यांत पसरला तर त्यांस दोष देववत नाही.

धाग्याचा हिशेब वेगळाच आहे. लोकर आणि अ‍ॅक्रिलिक यांच्या मिश्रणाचा स्कार्फ असेल तर वजनाने जो धागा अधिक, सारा स्कार्फ त्याच धाग्याचा आहे असे धरावयाचे. शंभरांत ५१ भाग अ‍ॅक्रिलिक निघाले की उरलेल्या ४९ भागांची लोकर कायद्यापुरती अंतर्धान पावते. आणि ज्याचे आम्हांस सर्वांत नवल वाटले तो नियम तर पुढेच आहे. विणलेल्या कापडाचा लांबलचक तागा आला तर तो कापड म्हणून प्रकरण ६० मध्ये जावयाचा. परंतु त्याच ताग्यात ठराविक अंतरावर तोडधागे सोडलेले असतील, ते धागे कापले की शिवण वा दुसरे कोणतेही काम न करता वापरण्याजोगे सुटे स्कार्फ हाती येणार असतील, तर तो तागा कापड राहत नाही. ते तयार स्कार्फ समजले जातात आणि प्रकरण ६१ मध्ये जातात. एका धाग्याने प्रकरण पालटते, हे येथे अक्षरशः खरे आहे.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो : या ग्रंथाची आम्ही टिंगल करीत नाही. जगातील बहुतेक व्यापारी राष्ट्रे वस्तूंना एकाच क्रमांकाने ओळखावीत यासाठी १९८३ साली ब्रुसेल्स येथे करार झाला आणि १९८८ पासून तो अंमलात आला. भारताने आपले दरपत्रक त्या पद्धतीवर त्याआधीच, १९८६ मध्ये बेतून घेतले. मुंबई, हॅम्बुर्ग आणि योकोहामा येथे एकाच मफलरला पहिले सहा आकडे एकच असावेत ही गोष्ट व्यापाराच्या सोयीची आहे. पाणिनीला चार हजार सूत्रे लागली. जगातील झाडून साऱ्या वस्तूंच्या व्याकरणाला काही शेकडा नियम लागले तर तक्रार करण्याचे कारण नाही. तंटा व्याकरणाशी नाही. व्याकरणातील प्रत्येक जातीला निराळा कर लावला जातो आणि उत्तर चुकणाऱ्यास अपराधी समजले जाते, तंटा त्याच्याशी आहे.

कर निराळा झाला की काय होते हे कोणास पुस्तकातून शिकावयाचे असेल तर त्याने एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास उघडावा. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढल्या दोन तपांत परळ-लालबागच्या बाजूस धुराडी उभी राहू लागली. मँचेस्टरला हे सहन झाले नाही. परदेशी सुती मालावर तेव्हा हिंदुस्थानात पाच टक्के जकात होती, ती उठवावी असा लँकेशायरचा धोशा सुरू झाला. १८७९ साली लॉर्ड लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातील बहुमत डावलून हुकूम काढला, की ज्या सुती मालात ३० नंबरपेक्षा बारीक सूत नाही त्यावर जकात घेऊ नये. रेघ ३० नंबरावर आखली गेली. पुढे काय घडले? मँचेस्टरच्या कारखानदारांनी आपले माग त्या रेघेच्या अलीकडे आणून ठेवले. जे कापड पूर्वी किंचित बारीक सुताचे निघे ते आता ३० नंबराचे निघू लागले आणि जकातीविना मुंबई बंदरात उतरू लागले. कापड बदलले ते गिऱ्हाइकाच्या आवडीमुळे नाही, दरपत्रकातील एका आकड्यामुळे. उरलेल्या जकातीत मग अर्थ राहिला नाही आणि १८८२ मध्ये ती सगळीच काढून टाकण्यात आली.

१८९४ च्या डिसेंबरात सरकारी तिजोरी रिकामी पडली म्हणून सुती मालावर पुन्हा पाच टक्के जकात बसली; पण मँचेस्टरची समजूत घालण्यासाठी हिंदी गिरण्यांच्या २० नंबरापेक्षा बारीक सुतावरही तितकीच उत्पादन-जकात लादण्यात आली. पुन्हा एक रेघ, पुन्हा तिच्या दोन्ही बाजूंना कुरबूर. १८९६ मध्ये सूत मोकळे करून परदेशी कापडावर आणि आमच्या गिरण्यांच्या कापडावर सारखीच साडेतीन टक्के जकात ठरली. ज्या जाड्याभरड्या कापडाची मँचेस्टरशी स्पर्धाच नव्हती, जे आमचा शेतकरी आणि मजूर नेसत होता, त्यावरही ती बसली. लोकमान्य टिळकांनी त्याविरुद्ध रान उठविले ते उगीच नाही. ही उत्पादन-जकात १९२५ च्या डिसेंबरात तहकूब झाली आणि १९२६ मध्ये रद्द झाली. तीस वर्षे गिरणगावाने तिचे ओझे वाहिले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडून प्राण देणारा बाबू गेनू हा गिरणी कामगार होता, हे या संदर्भात विसरून चालणार नाही. दरपत्रकातील आकडे त्याच्या वस्तीत कोणी वाचीत नसेल. त्यांचा परिणाम मात्र पगाराच्या दिवशी वाचला जात होता.

आज त्या गिरण्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आणि त्यानंतरची पडझड सर्वांस माहीत आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आता परदेशी नावांची झगझगीत दुकाने आहेत आणि त्यांच्या काचेच्या खिडक्यांत परदेशी स्कार्फ टांगलेले दिसतात. परंतु रेघा आखण्याची सवय गेलेली नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ३२८ प्रकारच्या कापडी मालावरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेण्यात आले. २०२४ मध्ये काही कृत्रिम धाग्यांच्या विणलेल्या कापडावर किलोमागे साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत ठरविण्यात आली. २०२५ च्या अंदाजपत्रकात विणलेल्या कापडाच्या नऊ प्रकारांवर '२० टक्के अथवा किलोस ११५ रुपये, यांपैकी जे अधिक' असा दर आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बांगलादेशातून येणारे तयार कपडे जमिनीवरील नाक्यांतून आणू नयेत, केवळ न्हावा-शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच आणावेत असा हुकूम निघाला. मफलर हा तयार कपडा की कपड्याची जोडवस्तू, असा प्रश्न त्या दिवशी एखाद्या आयातदारास पडला असल्यास नवल नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून देशातील वस्तू व सेवा करातही कपडे आणि त्यांच्या जोडवस्तू यांना नगास २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असे दोन दर झाले. २,४९० आणि २,५१० या दोन किमतींत वीस रुपयांचे अंतर आहे. करात ते सव्वातीनशेच्या वर जाते. लिटनसाहेबांचा ३० नंबर आणि हा अडीच हजारांचा आकडा यांत आम्हांस तरी फारसा फरक दिसत नाही. या रेघेच्या अलीकडे किती वस्तू गोळा होतात ते लवकरच बाजारात दिसेल.

यावर सरकारचे म्हणणे असे, की परदेशी माल खोट्या, पडत्या किमतीने उतरविला जातो, आणि म्हणून टक्केवारीवर विसंबून चालत नाही; वजनावर आणि नगावर शुल्क ठेवावे लागते. हे म्हणणे खोटे नाही आणि ते उडवून लावण्याची आमची इच्छा नाही. किलोस ११५ रुपयांचा हिशेब केला तर असे दिसते, की कागदोपत्री किंमत किलोस ५७५ रुपयांच्या खाली दाखविली तरी आयातदारास त्याचा लाभ होत नाही. लुधियानाचा कारखानदार असो की लालबागेच्या गाळ्यात चार यंत्रे टाकून बसलेला आमचा होजिअरीवाला असो, खोट्या पावत्यांच्या मालापुढे त्याने टिकाव कसा धरावा? त्याच्याकडे रात्रपाळीला बसणाऱ्या बाईची मजुरी कोण भरून देणार? अशा आयातीपासून त्यास संरक्षण मिळालेच पाहिजे. ज्याने मालाचे वजन चोरले, किंमत लपविली, लोकरीच्या नावाखाली दुसरेच काही आणले, त्याचा माल जप्त व्हावा आणि त्यास जबर दंड व्हावा. याबाबतीत आम्ही कस्टम्स अधिकाऱ्यांच्या पाठीशी आहोत.

परंतु नगावरील शुल्काची एक दुसरी बाजू आहे ती सहसा बोलली जात नाही. प्रकरण ६१ आणि ६२ मधील अनेक कपड्यांना 'अमुक टक्के अथवा नगास अमुक रुपये, जे अधिक' असे दर लागत आले आहेत. एखाद्या वस्तूवर २० टक्के किंवा नगास ५० रुपये असा दर आहे असे उदाहरणादाखल धरा. हजार रुपयांच्या वस्तूवर शुल्क २०० रुपये, म्हणजे पाचवा हिस्सा. शंभर रुपयांच्या वस्तूवर ५० रुपये, म्हणजे निम्मा. थंडीच्या महिन्यांत परळच्या पदपथावर घासाघीस करून मफलर घेणारा गिऱ्हाईक आणि काचेच्या दुकानातून घेणारा गिऱ्हाईक यांत अधिक दराने कोण कर भरतो हे सांगावयास नको. चोराला अडविण्यासाठी बांधलेली भिंत गरिबाच्या दारात उभी राहावी हे बरे नव्हे. किमती खोट्या असतील तर त्या पारखण्याचे काम अधिकाऱ्यांनी करावे. त्यासाठीच त्यांची नेमणूक आहे.

आता उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांविषयी. २०११ पासून कायद्याने स्वयंनिर्धारणाची पद्धत आणली. बिल ऑफ एंट्री भरताना माल कोणत्या शीर्षाखाली जातो हे आयातदारानेच सांगावयाचे आणि शुल्कही त्यानेच मोजावयाचे. विश्वासाची ही पद्धत चांगली आहे. पण विश्वास एकतर्फी असून चालत नाही. आज माल सुटला तरी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत, आणि लबाडीचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत, खात्यास नोटीस काढून 'तुमचे शीर्ष चुकले' असे म्हणता येते. तोवर तो मफलर कोणाच्या तरी गळ्यात पडून जुना झालेला असतो, दुकानदाराने किंमत जुन्या शुल्कावर बेतून विकलेला असतो, आणि फरकाची रक्कम गिऱ्हाइकाकडून मागावयास जाणे शक्य नसते. पाच वर्षांचा दरवाजा लबाडांसाठी आहे हे मान्य. पण नोटिशीत 'हेतुपुरस्सर' हा एक शब्द घातला की तो प्रामाणिक माणसावरही उघडता येतो.

मालाविषयी खोटे बोलणे आणि मालाच्या नावाविषयी मतभेद होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याने खोक्यात काय आहे ते खरे सांगितले, धागा सांगितला, वजन सांगितले, किंमत सांगितली, आणि त्यावरून त्याला जे शीर्ष योग्य वाटले ते लिहिले, त्याने लबाडी केली असे म्हणता येत नाही. हे आमचेच मत आहे असे नव्हे. नॉर्दर्न प्लास्टिक या कंपनीच्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्वाळा दिलेला आहे, की मालाचे वर्णन बरोबर असेल तर अमुक शीर्षाचा किंवा सवलतीचा हक्क सांगणे म्हणजे खोटे निवेदन होत नाही. त्याआधी, १९७५ मध्ये डनलॉप कंपनीच्या खटल्यात, एखाद्या वस्तूस दरपत्रकात स्वतःचे घर असताना तिला 'इतर' नावाच्या अनाथालयात धाडू नये अशा आशयाची कानउघाडणी न्यायालयाने केली होती. आणि २०१८ मध्ये, मुंबईच्याच आयात-कस्टम्स आयुक्तांनी दिलीपकुमार आणि कंपनीविरुद्ध नेलेल्या अपिलात, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की सवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा फायदा सरकारास मिळावा, पण कर बसविणाऱ्या कलमातच संदिग्धता असेल तर फायदा करदात्यास मिळावा. इतके निवाडे हाताशी असताना छोट्या व्यापाऱ्याने ते मिळविण्यासाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे, आधी आयुक्त, मग न्यायाधिकरण, मग वरची न्यायालये, आणि प्रत्येक पायरीवर वकिलाची फी मोजावी, ही रीत कोणत्या न्यायात बसते?

मोठ्यांचे निभावते. अमेरिकेत 'स्नगी' नावाचे, बाह्या असलेले एक मऊ विणलेले पांघरूण निघाले. ते समोरून अंगावर ओढून घ्यावयाचे आणि हात बाह्यांत घालावयाचे, पाठ उघडी. तेथील कस्टम्सने ठरविले की बाह्या आहेत म्हणजे हा कपडाच, शुल्क १४.९ टक्के. आयातदार म्हणाला की हे पांघरूण, शुल्क साडेआठ टक्के. वाद न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये ते पांघरूण ठरले. न्यायाधीशांनी ते कसे घातले जाते, कसे विकले जाते, खोक्यावर काय छापले आहे, हे सारे बारकाईने पाहिले. आमच्या वर्गातला तो चौकस मुलगा हा निकाल वाचून खूश झाला असता : वाक्यात शब्द कोणते काम करतो ते पाहा, हेच तर तेथे झाले. मात्र तसा निकाल विकत घेण्याइतका पैसा त्या आयातदाराकडे होता. दादरच्या दुकानदाराकडे तो नाही. तो अधिकाऱ्याने सांगितलेले शीर्ष निमूटपणे मान्य करतो, किंवा शुल्क कमी पडेल असे नाव सुचविणाऱ्या एखाद्या दलालाच्या नादी लागतो. दोन्हींत सरकारचे नुकसान आहे. पहिल्यात अब्रूचे, दुसऱ्यात तिजोरीचे.

मग करावे काय? मोजे, मफलर, हातमोजे, विणलेल्या टोप्या अशा जोडवस्तूंचे क्रमांक वेगळे राहोत; त्यांवरील शुल्काचा दर मात्र एक असावा, धागा कोणताही असो आणि विणकाम मागावरचे असो वा सुयांवरचे. तो दर २० टक्के असो वा अधिक, देशी होजिअरीस जितके संरक्षण आवश्यक तितका तो खुशाल असावा. दर एकच झाला की टोपीला मफलर म्हणण्यात कोणाचाच फायदा उरत नाही, आणि ज्यात फायदा नाही असे खोटे कोणी बोलत नाही. अधिकाऱ्यांचे बळ मग किमती आणि वजने तपासण्याकडे वळेल, जेथे खरी चोरी होते. याला अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागेल हे आम्ही जाणतो, आणि तेथे प्रत्येक धाग्याचा स्वतंत्र वकील दिल्लीत बसलेला असतो हेही जाणतो.

परंतु कस्टम हाऊसला आपल्या अधिकारात जे करता येईल त्यास अंदाजपत्रक लागत नाही. माल मागविण्यापूर्वीच त्याचे शीर्ष विचारून घेण्याची सोय करणारे एक अग्रिम निर्णय प्राधिकरण २०२१ च्या जानेवारीपासून मुंबईत काम करीत आहे. त्याचा निर्णय अर्जदारास आणि खात्यास बंधनकारक असतो. ही उत्तम व्यवस्था आहे, आणि गिरगाव-दादरच्या किती दुकानदारांनी तिचे नाव ऐकले आहे असे विचारले तर उत्तर निराशाजनक येईल अशी आमची भीती आहे. तेथे इंग्रजीत, कलमांच्या भाषेत, तज्ज्ञाकडून अर्ज लिहवून घ्यावा लागतो. चार खोकी मफलर आणणाऱ्यास ते परवडत नाही. अशा छोट्या आयातदारास मराठीत एका कागदावर, वस्तूचा नमुना जोडून, प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याचे लेखी उत्तर ठराविक मुदतीत मिळाले पाहिजे. खात्याने जो माल एका शीर्षाखाली वर्षानुवर्षे सोडला, त्याचे शीर्ष बदलावयाचे असेल तर ते आधी जाहीर करून पुढील खेपांपासून बदलावे; मागील खेपांवर नोटिसा काढू नयेत. मालाचे वर्णन खरे निघाले आणि वाद केवळ नावाचा असला, तर फरकाचे शुल्क घ्यावे आणि दंडाचा कागद फाडून टाकावा. वाद चालू असता माल अडकवून ठेवू नये. जामीन घेऊन तात्पुरत्या निर्धारणावर तो सोडण्याची तरतूद १९६२ च्या कस्टम्स कायद्यात आहेच, ती मागणाऱ्यास आनाकानी न करता मिळावी.

आणि नव्या कस्टम हाऊसच्या तळमजल्यावर, जेथे कोणालाही सहज जाता येईल अशा जागी, एक काचेचे कपाट ठेवावे. त्यात मागावरची शाल आणि सुयांवरची शाल, माथा असलेली कानटोपी आणि नुसती पट्टी, तोडधागे सोडलेला तागा आणि न सोडलेला तागा, ८६ सेंटिमीटरच्या आतल्या बाळाचे मोजे, असे नमुने मांडून प्रत्येकाखाली त्याचे शीर्ष आणि आजचा दर मराठीत लिहावा. दर बदलला की दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बदलावी. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील एवढेच आयुक्तांनी ठरवावयाचे आहे.